विसाव्याच्या क्षणांचे छायाचित्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झेपावणारा पक्षी किंवा रंगात आलेले रिंगण कसे टिपावे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. रिंगण संपल्यावर झाडाखाली टेकलेला वारकरी, किंवा भरतीच्या वेळी पंखांत चोच खुपसून एका पायावर उभा असलेला रोहित (फ्लेमिंगो) कसा टिपावा, याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. नवखे आणि हौशी छायाचित्रकार या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या सर्व उत्तरांना एक अट समान आहे, ती अशी की आपण निघून गेल्यानंतरही समोरच्याचा विसावा तसाच चालू राहिला पाहिजे.

स्थिर असलेल्या कोणत्याही गोष्टीचे छायाचित्र विसाव्याचे छायाचित्र ठरते का?

नाही. कातळ स्थिर असतो, पण तो विसावलेला नसतो. विसावा दिसायचा असेल तर त्याआधीचे श्रम चौकटीत कोठेतरी दिसले पाहिजेत. जू उतरवल्यावर बैलाच्या खांद्यावर राहिलेला घासलेला पट्टा, हमालाने डोक्यावरून काढून उशाशी ठेवलेली चुंबळ, बांधकामावरून आलेल्या बाईच्या पावलांवर सुकलेले सिमेंट या गोष्टींवरून पाहणाऱ्याला समोरच्या शांततेची किंमत कळते. म्हणून केवळ मिटलेल्या डोळ्यांच्या जवळून घेतलेल्या छायाचित्रापेक्षा, ज्यात हात, पाय, अवजारे आणि जागा दिसते असे छायाचित्र बहुतेक वेळा अधिक बोलके होते. हात तर आवर्जून पाहावेत, कारण झोपेत चेहरा सैल पडतो तरी कामाची सवय असलेले हात बऱ्याचदा अर्धवट मिटलेलेच राहतात.

सुरुवात कोठून करावी?

आपल्या घरापासून आणि आपल्या गल्लीपासून सुरुवात करावी. ओटा, पडवी, झोपाळा, अंगणातली बाज, पिंपळाचा पार या जागा मुळात टेकण्यासाठीच असतात आणि तेथे माणसे आपणहून येतात. नव्या छायाचित्रकाराला एक गोष्ट उशिरा लक्षात येते, ती म्हणजे प्रत्येक व्यवसायाच्या विश्रांतीची वेळ जवळजवळ ठरलेली असते. घाऊक भाजी बाजारातला हमाल पहाटेपासून राबलेला असतो, त्यामुळे सकाळचे सौदे उरकल्यावर तो पोत्यांच्या थप्पीवर पाठ टेकतो. रिक्षाचालक दुपारच्या जेवणानंतर मागच्या आसनावर पाय दुमडून पडतो. शेतात उन्हे चढली की औत सुटते. या वेळांची नोंद आठवडाभर वहीत केली, तर पुढे वाट पाहण्यात जाणारा बराच वेळ वाचतो. या नोंदी करताना कॅमेरा पिशवीतच ठेवावा.

पंढरीच्या वारीत विसाव्याची छायाचित्रे कशी आणि कोठे मिळतात?

वारीच्या छायाचित्रणात दिवेघाटाचे वळण आणि रिंगणातला अश्व यांनाच इतके महत्त्व आले आहे, की वारीचा दिवस चालण्याइतकाच थांबण्यानेही आखलेला असतो हे विसरले जाते. सकाळची न्याहारी, दुपारचा विसावा आणि रात्रीचा मुक्काम यांच्या जागा ठरलेल्या असतात आणि पालखी सोहळ्याचे वेळापत्रक आधीच प्रसिद्ध होते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाते तो टप्पा ३० किलोमीटरांहून अधिक लांबीचा आहे. त्या दिवशी दिवेघाट चढण्यापूर्वी वडकीनाला येथे दुपारचा विसावा होतो. बहुसंख्य छायाचित्रकार त्या वेळी घाटातली उंच जागा धरण्यासाठी पुढे निघून गेलेले असतात. माझे स्पष्ट मत असे आहे, की त्यांनी त्यातला एक तास तरी खाली घालवावा.

या तासात दिसणाऱ्या गोष्टी छायाचित्रकाराला पुष्कळ काही देतात. डोक्यावरून उतरवलेले तुळशीवृंदावन स्वच्छ कापडावर ठेवले जाते. पखवाज मालट्रकच्या सावलीत उभा केला जातो. वीणेकरी मात्र बसल्यावरही गळ्यातली वीणा जपूनच धरतो, तिचा भोपळा मातीला लागू देत नाही. कोणी पायांवरचे फोड पाहत असतो, कोणी दुसऱ्याच्या पोटऱ्यांना तेल लावत असतो, आणि रस्त्याच्या कडेला सेवा म्हणून वारकऱ्यांच्या चपला विनामूल्य शिवून देणारा कारागीर मान खाली घालून काम करत असतो. एकाच्या विश्रांतीशेजारी दुसऱ्याचे काम चालू असणे, हे वारीतल्या विसाव्याचे खरे स्वरूप आहे आणि म्हणून येथे थोडी रुंद चौकट उपयोगी पडते. साधारण ३५ मिलिमीटरची लेन्स पुरते. लांब लेन्स लावून दुरून टिपलेल्या छायाचित्रात हे शेजार हरवतात.

संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि हजारोंचा गजर थांबतो. तो क्षण छायाचित्रासाठी मोहात पाडणारा असला, तरी त्या शांततेत शटरचा आवाज करू नये. कॅमेऱ्यात आवाजरहित शटर असेल तर ते आधीच निवडून ठेवावे, नसेल तर कॅमेरा खाली ठेवून उभे राहावे. त्यानंतर राहुट्यांतून चुली पेटतात, हरिपाठ होतो आणि पाठी टेकल्या जातात, तेव्हा दिंडीच्या प्रमुखांना विचारून आत जावे. वारकऱ्यांना 'माऊली' म्हणून हाक मारण्याची रीत आहे. ती आपणही पाळली, आणि आधी थोडा वेळ त्यांच्यात बसलो, तर सहसा नकार मिळत नाही.

झोपलेल्या माणसाचे छायाचित्र त्याला न विचारता घ्यावे का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर सविस्तरच द्यावे लागते. सार्वजनिक ठिकाणी छायाचित्र घेण्यास सरसकट बंदी नाही, हे खरे आहे. परंतु जागा असलेला माणूस मान फिरवू शकतो, हाताने नको म्हणू शकतो, तर झोपलेल्याला यातले काहीच करता येत नाही. त्यामुळे त्याच्या वतीने नकाराचा विचार आपणच करायचा असतो.

मी पाळतो ती पद्धत अशी. चेहरा ओळखू येत नसेल, म्हणजे पाठमोरी आकृती, तोंडावर घेतलेला टॉवेल, बाजेखाली काढून ठेवलेल्या वहाणा असे काही असेल, तर छायाचित्र घ्यावे. चेहरा ओळखू येणारा असेल, तर माणूस जागा होईपर्यंत थांबावे आणि त्याला ते दाखवावे. 'काका, तुम्ही निवांत पडला होतात तेव्हा एक फोटो घेतला. बघा, नको असेल तर लगेच पुसून टाकतो,' इतके साधे बोलणे पुरेसे असते. बहुतेक जण हसतात आणि ठेवायला सांगतात. एखाद्याने पुसायला सांगितले तर त्याच्यासमोर पुसावे, कारण न विचारता लोकांनी आपल्याला झोपेत पाहावे हे प्रत्येकालाच रुचत नाही. थांबणे शक्य नसेल तर छायाचित्र सोडून द्यावे.

काही ठिकाणी मात्र या पद्धतीनेही मी छायाचित्र घेत नाही. पदपथावर झोपणाऱ्याला मिटून घ्यायला दार नसते. त्याच्या झोपेचे सुंदर प्रकाशातले छायाचित्र काढून त्याला निवांतपणा म्हणणे मला पटत नाही. रुग्णालयाच्या व्हरांड्यात जमिनीवर अंथरूण टाकून पडलेले नातेवाईक, लोकलच्या डब्यात डुलकी लागलेली स्त्री, मद्याच्या अमलाखाली पडलेला माणूस यांचीही छायाचित्रे घेऊ नयेत. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आधी घ्यावी, नंतर नव्हे.

परवानगी मागितली की माणूस सावरून बसतो आणि क्षण निघून जातो. मग काय करावे?

क्षण जातो हे खरे, पण विसावा पुन्हा येतो, कारण थकवा तेथेच असतो. आधी ओळख करून घ्यावी, चहा चालला असेल तर घ्यावा, दोन-तीन सरळ समोर पाहणारी छायाचित्रे काढून दाखवावीत आणि मग कॅमेरा मांडीवर ठेवून गप्प बसावे. पंधरा-वीस मिनिटांत लोकांचे लक्ष आपल्यावरून उडते आणि जो तो आपल्या मूळ बैठकीत परततो. धनगरांच्या वाड्यावर हा अनुभव हमखास येतो. शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवलेल्या असतात, घोड्यावरचे बिऱ्हाड उतरलेले असते आणि पाहुण्याची विचारपूस संपली की पुन्हा घोंगडी अंथरली जाते. तेथील कुत्री मात्र पाहुण्याला इतक्या लवकर स्वीकारत नाहीत, म्हणून कळपाकडे एकट्याने न जाता वाड्यावरच्या माणसाबरोबर जावे.

बैल, म्हशी, गाई यांची छायाचित्रे घेताना कशाकडे लक्ष द्यावे?

रवंथाकडे. गाय दिवसातले सात-आठ तास रवंथ करते आणि त्यातला मोठा भाग ती बसून करते, म्हणजे छायाचित्रकाराला वेळ भरपूर असतो. जबडा एका बाजूला सरकतो तेव्हाचा क्षण थोडा विचित्र दिसतो. घास गिळल्यावर पुढचा घास वर येईपर्यंत काही सेकंदांची जी उसंत असते, तेव्हा तोंड स्थिर आणि डोळे अर्धवट मिटलेले असतात. छायाचित्र त्याच वेळी घ्यावे. जनावराच्या डोळ्याच्या उंचीवर येण्यासाठी जमिनीवर बसावे. उभे राहून खाली रोखलेल्या कॅमेऱ्यातून फक्त पाठ दिसते.

पोळ्याच्या दिवशी बैलांना कामाला जुंपत नाहीत. सगळे छायाचित्रकार संध्याकाळची मिरवणूक, झूल आणि रंगवलेली शिंगे यांसाठी येतात. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, जू वाहून घट्टे पडलेले खांदे हळद आणि तूप किंवा लोणी लावून चोळले जातात, आणि बैल मान लांब करून उभा राहतो. विसाव्याचे याहून नेमके दृश्य वर्षभरात मला दुसरे माहीत नाही. बहुतेक भागांत पोळा श्रावण अमावास्येला असतो, काही भागांत तो भाद्रपदात होतो, म्हणून गावात आधी विचारून घ्यावे.

पाणथळ जागेवरचे पक्षी विश्रांती घेताना केव्हा दिसतात?

खाडीकाठी याचे उत्तर घड्याळापेक्षा भरती-ओहोटी देते. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी पसरून खात राहतात. भरतीचे पाणी चढले की चिखल बुडतो आणि त्यांना उरलेल्या उंच कडेवर किंवा शेजारच्या पाणथळीत दाटीने येऊन थांबावे लागते. ठाणे खाडीतले रोहित भरतीच्या वेळी नेरुळ-सीवूड्स परिसरातल्या पाणथळ जागांवर येतात ते याच कारणाने. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रोहित येथे असतात.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब आजही चांगला चालतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो. चतुर्थीला सुमारे ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास भरती येते, आणि पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा १ पासून मोजतात. हे उत्तर दिवसाचे आणि रात्रीचे दोन्ही असते, कारण भरती दिवसातून दोनदा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी अधिक चढते आणि पक्षी अधिक दाटीने बसतात. छायाचित्रासाठी मला अष्टमीच्या आसपासचे दिवस आवडतात, कारण तेव्हा भरती सकाळ-संध्याकाळच्या मऊ प्रकाशात येते.

रोहित एका पायावर उभा राहतो तेव्हा तो कसरत करत नसतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की त्याच्या पायाच्या रचनेमुळे एका पायावर तोल सांभाळायला स्नायूंना जवळजवळ श्रमच पडत नाहीत. मृत रोहितसुद्धा एका पायावर उभा करता आला, दोन पायांवर तसा करता आला नाही. चोच पंखांत खुपसल्याने उष्णताही टिकते. हे ठाऊक असले की छायाचित्रकार पायाखालची जागा आणि प्रतिबिंब चौकटीतून कापत नाही.

उजनी धरणाच्या पाणलोटावर, भिगवणला, हिवाळ्यात पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंसवर्गीय पक्षी, येतात. ते बऱ्याचदा रात्री आणि पहाटे शेतांत चरतात आणि दिवसा पाण्याकाठी थव्याने बसून राहतात. थव्यात काही माना नेहमी वर असतात. त्या पहारेकऱ्यांसह संपूर्ण थवा दाखवला तर चित्र पूर्ण होते.

आपल्यामुळे पक्ष्याची विश्रांती मोडते आहे हे कसे ओळखावे?

खुपसलेली चोच बाहेर येते, मान ताठ होते, पिसे साफ करणे मध्येच थांबते, अंग आखडते, पक्षी आपल्यापासून एक-दोन पावले दूर सरकतो. यातले पहिले चिन्ह दिसताच थांबावे आणि दुसरे दिसताच मागे यावे. थवा उडाल्यावरचे दृश्य मोहक असते, पण हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याची साठवलेली ताकद त्यात खर्च होते. बोटवाल्याला जास्त जवळ नेण्याचा आग्रह करू नये आणि त्याने स्वतःहून नेले तर थांबवावे. पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणे, दिवसा जमिनीवर झोपलेल्या रातवा या निशाचर पक्ष्याभोवतीचे गवत बाजूला करणे, ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसलेल्या पिंगळ्याच्या जोडीकडे खडा टाकून त्यांचे डोळे उघडवणे हे प्रकार सर्रास होतात आणि ते सर्व चुकीचे आहेत. घरट्याच्या वाटेला तर जाऊच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना त्रास देणेही येते.

ताडोब्यात वाघ झोपलेलाच दिसला, तर फेरी वाया गेली असे समजावे का?

मुळीच नाही. वाघ दिवसाचा बराचसा भाग पडूनच असतो. एप्रिल-मे महिन्यांत तो पाणवठ्यात बसून राहतो आणि पाण्यात शिरताना बऱ्याचदा पाठमोरा, मागच्या बाजूने शिरतो. गाडीच्या कडेवर धान्याची छोटी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी, चालकाला इंजिन बंद करायला सांगावे आणि वाघाने उठावे म्हणून कोणीही आवाज करू नये.

फुलपाखरे आणि चतुर यांच्या विश्रांतीची वेळ कोणती?

पहाटे. त्यांच्या शरीराला बाहेरून ऊब मिळेपर्यंत त्यांना नीट उडता येत नाही, त्यामुळे हिवाळ्यात सूर्योदयानंतरचा पहिला अर्धा तास गवताच्या पात्यावर दव माखलेला चतुर स्थिर सापडतो. आदल्या संध्याकाळी ते कोठे बसतात हे पाहून ठेवावे. कीटकांना थंड डब्यात ठेवून सुन्न करणे किंवा त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारून खोटे दव दाखवणे, यातून जे मिळते ते विसाव्याचे छायाचित्र नव्हेच.

कॅमेऱ्याची कोणती मांडणी ठेवावी? मोबाइल पुरेल का?

माणसे, घरे, पाळीव जनावरे यांच्यासाठी मोबाइल पुरतो, आणि तो कमी लक्ष वेधतो हा त्याचा मोठा गुण आहे. फ्लॅश, शटरचा आवाज आणि फोकससाठी लागणारा छोटा दिवा आधीच बंद करावा. पडद्यावर बोट दाबून ठेवून प्रकाश आणि फोकस पक्के करावेत आणि उजेड थोडा कमी करावा, म्हणजे खिडकीजवळचे भाग पांढरे पडत नाहीत.

कॅमेरा वापरताना झोपलेल्या माणसासाठी शटरचा वेग एक तीसांश सेकंदही चालतो, कारण श्वासाची हालचाल फार मंद असते. मात्र आपला हात स्थिर हवा. हलत्या झोपाळ्यासाठी एक अडीचशांश सेकंद लागतो. घरातल्या एलईडी दिव्यांखाली आवाजरहित शटर वापरले की कधीकधी चित्रावर आडवे पट्टे उमटतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून अशा वेळी एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंद निवडावा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० पर्यंत वाढवायला घाबरू नये. थोडी रवाळ प्रतिमा चालते.

विश्रांती दुपारी असते आणि दुपारचा प्रकाश कठोर असतो. त्याचे काय करावे?

प्रकाशाशी भांडू नये. माणसे सावलीत जातात ती उन्हामुळेच, त्यामुळे बाहेरचे ऊन चौकटीच्या कडेला थोडे तरी दिसू द्यावे. मेच्या मध्यास मुंबई-पुण्याच्या परिसरात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि झाडाची सावली बरोबर त्याच्या बुंध्याभोवती गोळा होते. त्या लहानशा वर्तुळात एकत्र आलेली माणसे, शेळ्या आणि कुत्री हा उन्हाळ्यातला फार सुरेख विषय आहे. पानांतून येणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पडले तर चेहरा तुटक दिसतो, म्हणून दाट सावलीचे झाड शोधावे. बाभळीपेक्षा आंबा किंवा वड बरा.

पावसाळ्यात विसाव्याचे कोणते विषय मिळतात?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. हर्णै, सातपाटी, वर्सोवा अशा बंदरांत होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात, इंजिने उघडली जातात, आणि पडवीत जाळी सांधण्याचे काम चालते. समुद्र खवळलेला आणि होडी कोरड्यावर, हा विरोध एकाच चौकटीत मिळतो. ढगाळ प्रकाश दिवसभर सारखा असल्याने घाई नसते. नारळी पौर्णिमा जवळ आली की रंगकाम सुरू होते, म्हणून शांत होड्या हव्या असतील तर जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत जावे.

गर्दीत एकट्या विसावलेल्या माणसाला वेगळे कसे दाखवावे?

शटर संथ ठेवून. कॅमेरा भिंतीला किंवा कठड्याला टेकवून पाव ते अर्धा सेकंद शटर उघडे ठेवले, की चालणारे लोक पुसट होतात आणि बसलेला माणूस स्पष्ट उरतो. १८३८ मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसमधील एका वर्दळीच्या रस्त्याचे चित्र घेतले, त्यात गाड्या आणि पादचारी उमटलेच नाहीत. बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. छायाचित्रात दिसलेल्या पहिल्या माणसांत त्याची गणना होते. रेल्वे स्थानकावर मात्र तिपाई वापरण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

छायाचित्र प्रसिद्ध करताना ठिकाण सांगावे का?

वारी, बंदर, बाजार यांचे ठिकाण सांगायला हरकत नाही. पिंगळ्याची ढोली, घुबडाचे झाड, रातव्याची नेहमीची जागा, वटवाघळांची दिवसाची थाऱ्याची जागा यांचे ठिकाण सांगू नये. फार तर जिल्हा लिहावा. मोबाइल छायाचित्रात अक्षांश-रेखांश आपोआप नोंदवत असतो, ती नोंद प्रसिद्ध करण्यापूर्वी काढून टाकावी. माणसांची नावे त्यांनी होकार दिला असेल तरच द्यावीत, आणि छायाचित्राखालच्या ओळीत त्यांचा व्यवसाय लिहावा, म्हणजे ती विश्रांती कोणत्या कामानंतरची आहे हे वाचणाऱ्याला कळते. छायाचित्राची प्रत देण्याचा शब्द दिला असेल, तर तो प्रसिद्धीच्या आधी पाळावा. खेड्यात व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या चित्रापेक्षा कागदावरची प्रत अधिक जपली जाते, म्हणून ती छापूनच न्यावी, आणि चौकटीत दोघे असतील तर दोन प्रती न्याव्यात.